राज्य नांगऱ्याने मिळविले. नांगऱ्याला काय मिळाले?

बांधवहो, मथुरा-आग्र्याकडील जाट शेतकरी उठले तेव्हा औरंगजेबाच्या दरबारी लेखकांनी त्यांना लुटारू म्हटले. पुढे त्याच जाटांचे राज्य झाल्यावर त्यांच्या राजाची वंशावळ थेट श्रीकृष्णाच्या यदुकुळात नेऊन भिडविली. एकाने शिवी दिली, दुसऱ्याने देव्हाऱ्यात बसविले. पण हा कुणबी होता आणि कुणबी म्हणूनच लढला, हे साधे सत्य सांगण्याची गरज दोघांनाही वाटली नाही. ते आज आम्ही सांगतो.

दिल्ली आणि आग्रा ही बादशहाची दोन मोठी शहरे. मधला मुलूख म्हणजे त्यांचे धान्याचे पेव. पिकाचा सुमारे निम्मा वाटा सरकारचा. त्यावर जहागीरदार थोड्याथोड्या वर्षांनी बदलणारा. ज्याला उद्या जायचे, तो आजच गाईचे रक्त निघेपर्यंत धार काढणार! मनुची नावाच्या इटालियन प्रवाशाने लिहून ठेवले आहे की, या भागातले गावकरी लढल्यावाचून सारा देत नसत. नवऱ्याने बंदूक झाडली की मागे उभी असलेली बायको त्याच्या हाती भाला देई आणि स्वतः बंदूक भरून ठेवी. अशा घरांतून हे बंड निघाले. कोणा राजवाड्यातून नव्हे.

१६६९ साली तिलपतचा जमीनदार गोकुळा, म्हणजे आपल्याकडील देशमुख-पाटलासारखा माणूस, पुढे झाला. मथुरेचा फौजदार अब्दुन्नबी मारला गेला. अखेर बादशहाला स्वतः दिल्लीहून निघावे लागले. गोकुळा धरला गेला आणि १६७० च्या आरंभी आग्र्यास कोतवालीच्या चौथऱ्यावर त्याचा एकेक अवयव तोडण्यात आला. कोणी म्हणतात, हे केवळ धर्माचे युद्ध होते. धर्माचा जाच होता, तो आम्ही नाकारीत नाही. देवळे पाडण्याचा हुकूम त्याच १६६९ साली सुटला. पण देवळावर घाव पडण्यापूर्वीच कणगीतला दाणा गेला होता, हे का लपविता?

गोकुळा मेला, बंड मेले नाही. सिनसिनीच्या राजारामाने १६८८ साली सिकंदऱ्यास अकबराची कबर लुटली. चूडामणाने थूणचा किल्ला बांधला. १७२२ साली त्याचा पुतण्या बदनसिंग जयपूरच्या जयसिंगाच्या आश्रयाने राजा झाला आणि त्याचा मुलगा सूरजमल याने भरतपूरचे राज्य भरभराटीस आणले. भरतपूरचा तट मातीचा. १८०५ साली इंग्रजांच्या लॉर्ड लेकने त्यावर चार हल्ले केले, चारही फसले. तोफेचा गोळा मातीत रुतून बसे. ती माती कोणी खणली, कोणी डोक्यावरून वाहिली? त्यांची वंशावळ कोणी लिहिली काय?

सूरजमलचे उपकार मराठी माणसावरही आहेत. १७५४ साली मराठ्यांनी खंडणीसाठी त्याच्या कुंभेर किल्ल्याला वेढा घातला होता. तेथेच अहिल्याबाईंचे पती खंडेराव होळकर पडले. तरीही १७६१ साली पानिपताहून उघडी, उपाशी, जखमी होऊन परतणाऱ्या आपल्या माणसांना त्याने अन्न, वस्त्र आणि आसरा दिला. हे ऋण आम्ही मानतो.

पण ऋण मानणे वेगळे आणि डोळे मिटणे वेगळे. डीगच्या महालांत कारंजी उडू लागली, छत्रचामरे आली. ज्यांच्या बंदुका बायकांनी भरल्या होत्या, ते मात्र पुन्हा साराच भरीत राहिले. आता खरी लाजेची गोष्ट ऐका. गोकुळाच्या मरणाला पावणेतीनशे वर्षे उलटल्यावर, १९४७ साली, याच भरतपूर संस्थानात प्रजेला वेठबिगारीविरुद्ध चळवळ करावी लागली! शेतकऱ्यांच्या बंडातून निघालेले राज्य, आणि त्यातच शेतकऱ्याला फुकट राबविण्याची वेठ!

म्हणून, बांधवहो, आपल्या जातीचा माणूस गादीवर बसला एवढ्याने हुरळून जाऊ नका. गादीला जात नसते, तिला भूक असते. पुढारी तुमच्याच रक्ताचा असला तरी त्याला विचारा: सारा किती घेणार? हिशेब कोणाला दाखविणार? आमच्या मालाला आणि मजुरीला भाव काय देणार? लढाईच्या आधी जो हे विचारीत नाही, त्याच्या वाट्याला विजयानंतर फक्त जयजयकार करणे येते. गोकुळाने बादशहाला जाब विचारला. आपण निदान आपल्याच माणसाला तरी विचारू या!