मोरीत धुतलेली फिल्म



दौंडच्या एका रेल्वे कामगाराच्या घरची ही हकिकत. वडील वारल्यावर पत्र्याच्या ट्रंकेत सुपर एट फिल्मची काळी डबी निघाली. चित्रण केलेलं, पण धुतलेलं नाही. शिरूरला दिलेली आत्या म्हणाली, "दादाने १ जानेवारीला कोरेगाव भीमाला हे यंत्र चालवलं होतं. आई होती सोबत." त्या आईचा घरात एकही फोटो नाही. स्टुडिओवाल्याने मात्र हात वर केले.

मग घरीच धुवायची ठरली. यात नवल नाही. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी सरस्वतीबाई फाळके दिवसभर स्वयंपाक उरकून रात्री अंधारात फिल्मला भोकं पाडायच्या, ती धुवायलाही हातभार लावायच्या. आपल्यातल्या नामदेवराव व्हटकरांनी १९५६ साली बाबासाहेबांची अंत्ययात्रा चित्रित करून ठेवली, म्हणून ती आज आपल्याला पाहता येते.

डबीतली फिल्म पन्नास फूट, म्हणजे पडद्यावर जेमतेम सव्वातीन मिनिटं. संधी एकदाच. मोरीच्या खिडकीला गोधडी लावली, दाराच्या फटीत लुगडं कोंबलं. लाल दिवासुद्धा चालत नाही. आत थोडा वेळ बसून उजेडाची रेघ दिसत नाही, याची खात्री केली.

डबी अंधारातच फोडली. सगळी फिल्म एकदम न बुडवता आधी वीतभर तुकडा कापून धुतला. तो नुसताच फिका आला. दुसरा तुकडा डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवला, तेव्हा माणसांच्या आकृती दिसल्या. मग बाकीची फिल्म. पाणी वीस अंशांच्या आसपास हवं, म्हणून भांडं बर्फाच्या घमेल्यात ठेवलं. फिल्म सारखी हलवत राहिले, नाहीतर डाग पडतात. त्यानंतर साधं पाणी, मग हायपो. दुधाळपणा गेल्यावर दिवा लावला, भरपूर पाण्यात धुऊन फिल्म दोरीवर वाळत घातली.

ही फिल्म साधी काळी-पांढरी होती. डबीवर कोडाक्रोम लिहिलं असेल तर तिचे रंग आता मिळत नाहीत. ती धुणारी अमेरिकेतली शेवटची प्रयोगशाळा २०१० अखेर थांबली. काळं-पांढरं चित्र मात्र निघू शकतं. रसायनांची भांडी स्वयंपाकाला वापरू नका, मुलांना दूर ठेवा, हातमोजे घाला.

वाळलेल्या फिल्मवर सगळं उलटं दिसतं, काळं ते पांढरं. मुलाने मोबाईलवर ते सुलटं केलं. चित्र धुरकट होतं. गर्दीत एक बाई कपाळावर हात धरून यंत्राकडे पाहत होती. कुणालाच ओळख पटेना. आत्याने चष्मा पुसला आणि म्हणाली, "आईच ती. पदर असाच घ्यायची."

घरच्या ट्रंका उघडा. अशी डबी सापडली तर कुतूहलापोटी उजेडात उघडू नका. आणि चेहरे ओळखणारं माणूस घरात आहे, तोवर नावं लिहून घ्या. डबी थांबेल, माणूस थांबत नाही.