चावडी हरवलेले गाव

त्र्यंबकेश्वरची बातमी वर्तमानपत्रात दोन ठिकाणी येते. पहिल्या पानावर येते ती श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला लोटलेल्या गर्दीची, पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला आलेल्या दिंड्यांची, नाहीतर बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थाची. आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, चार ओळींची दुसरी एक बातमी असते. नगरपरिषदेची सभा तहकूब झाली, अमक्या कामाची निविदा निघाली, तमक्या गटाराची तक्रार आली. पहिली बातमी येणाऱ्यांची आणि दुसरी राहणाऱ्यांची. आपण पहिली चवीने वाचतो आणि दुसरीवरून नजर फिरवून पान उलटतो. आज मला त्या चार ओळींविषयी बोलायचे आहे.

माझी हयात बँकेत गेली. नाशिक जिल्ह्यातल्या लहानमोठ्या शाखांतून फिरलो, त्या निमित्ताने त्र्यंबकला जाणे-येणे पुष्कळ झाले. कथा-कादंबऱ्या लिहायला लागलो तरी ताळेबंद वाचण्याची खोड काही सुटली नाही. कुठलेही गाव पाहिले की वाटते, याची जमा किती, खर्च किती, आणि हिशेब विचारायला कोण कुठे बसते?

२०११ च्या जनगणनेत त्र्यंबकची लोकसंख्या बारा हजारांच्या आसपास होती. नगरपरिषद ‘क’ वर्गाची, म्हणजे लहानात लहान. तिच्याकडे कामे तीच, जी कुठल्याही लहान गावच्या नगरपरिषदेकडे असतात. नळाचे पाणी, झाडलोट, दिवाबत्ती, गटारे, जन्म-मृत्यूची नोंद. फरक एवढाच की बारा हजारांच्या या गावात श्रावणातल्या एका सोमवारी लाखो माणसे येतात. चार माणसांच्या घरात दरसाल चारशे पानांच्या पंगती उठाव्यात आणि मोरी, माठ, केरसुणी मात्र चौघांच्याच हिशेबाची असावी, तसा हा संसार आहे. घरधनी कितीही हौशी असला तरी अशा घरात अधूनमधून सगळ्यांनी बसून चार गोष्टी बोलाव्या लागतात. त्र्यंबकमध्ये हे बसणे कुठे होते, हा माझा प्रश्न आहे.

नाशिकहून त्र्यंबकला येताना गावाच्या थोडे अलीकडे अंजनेरी लागते. तिथे ग्रामपंचायत आहे. पंचायत आहे म्हणून ग्रामसभा आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे ग्रामसभेचे ठरलेले दिवस सगळ्यांना पाठ असतात. मतदारयादीत नाव असलेला कोणीही उठून सरपंचाला विचारू शकतो, की बाबा, पाइपलाइनचे पैसे आले होते, त्यांचे काय झाले? बायकांना मोकळेपणी बोलता यावे म्हणून आधी महिला सभा घेण्याची तरतूद आहे. तालुक्यातल्या आदिवासी गावांना तर १९९६ च्या ‘पेसा’ कायद्याने ग्रामसभेचा अधिक मोठा अधिकार दिला. सगळीकडे हे नीट चालते असे मी म्हणणार नाही. घरोघर वही फिरवून सह्या घेतल्या आणि ग्रामसभा झाली, असेही घडते. पण हक्क कागदावर आहे, आणि ज्या दिवशी गाव जागे होते त्या दिवशी तो कागद उपयोगी पडतो.

आता त्र्यंबकला या. ते नगर आहे, म्हणून ग्रामसभा नाही. १ जून १९९३ पासून अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने शहरांसाठी प्रभाग समित्या सांगितल्या, पण सक्ती केली ती तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या ठिकाणी. म्हणजे अंजनेरीकराला ग्रामसभा, नाशिककराला प्रभाग समिती, आणि मधल्या त्र्यंबककराला काय? राज्याच्या कायद्यात पुढे ‘क्षेत्रसभा’ असा शब्द आला खरा, पण लहान गावांच्या अंगवळणी तो पडलेला मला दिसला नाही. नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा असते. तिथे नगरसेवक बोलतात, आपण फार तर मागच्या बाकावर बसून ऐकायचे. गावाचे नगर झाले, मान वाढला, आणि चावडी गेली. महाराष्ट्रातल्या शेकडो लहान शहरांची हीच गत आहे.

मागच्या काही वर्षांत हे ऐकणेही बंद झाले होते. डिसेंबर २०१७ मध्ये निवडून आलेल्या मंडळाची मुदत पाच वर्षांनी संपली. राज्यभरातल्या स्थानिक संस्थांच्या निवडणुका आरक्षणाच्या खटल्यात अडकल्या आणि त्र्यंबकला सुमारे तीन वर्षे प्रशासक राहिला. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २ डिसेंबर २०२५ ला मतदान झाले. प्रशासक वाईट असतो असे मुळीच नाही. कित्येकदा तो फायली झपाट्याने हलवतो. पण मतांसाठी त्याला कोणाच्या दारात जायचे नसते, त्यामुळे त्याला कोणी दारात अडवतही नाही. याच काळात, सप्टेंबर २०२५ मध्ये, त्र्यंबकमध्ये वाहनांचे प्रवेश शुल्क घेण्याच्या ठिकाणी बातमीसाठी आलेल्या पत्रकारांना मारहाण झाली आणि गावाचे नाव नको त्या कारणाने राज्यभर गाजले. पोलीस आपले काम करतील. मला पडणारा प्रश्न साधा आहे. यात्रेकरूंकडून आपल्या गावाच्या नावाने पैसे कोण घेतो, कोणत्या अटींवर घेतो, हे गावातल्या किती घरांना माहीत होते?

गोदावरीचेच पाहा ना. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली नदी कुशावर्ताच्या गावात येते आणि काही अंतर सिमेंटच्या स्लॅबखालून वाहते. जिच्यासाठी देशभरातून माणसे येतात ती नदी गावात शिरताच दिसेनाशी होते. त्याविरुद्ध गावातलीच जागरूक माणसे राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेली. त्यांच्या चिकाटीला मी हात जोडतो. पण आपल्याच गावच्या नदीविषयी विचारायला वकील लावावा लागावा, तारखांना हजर राहावे लागावे, हे काही भूषण नाही. नदीवर स्लॅब पडण्याआधी साऱ्या गावाला एका ठिकाणी बसवून कोणी विचारले असते तर?

वाचक म्हणतील, ही सगळी पुस्तकी स्वप्ने. म्हणून जरा दूरचे उदाहरण देतो. इंग्लंडात खेडेगावांना ‘पॅरिश कौन्सिल’ असते. १८९४ च्या कायद्याने ती आली. तिच्या हातात फार मोठी सत्ता नाही. दफनभूमी, पायवाटा, खेळाचे मैदान, बसथांब्याची शेड, गावाचा हॉल, असली कामे. पण वर्षातून एकदा, १ मार्च ते १ जूनच्या दरम्यान, साऱ्या मतदारांची सभा भरलीच पाहिजे, आणि तिथे कोणीही बोलू शकतो. दरवर्षी तीस कामाचे दिवस हिशेबाच्या वह्या कोणाही माणसाला पाहण्यासाठी खुल्या ठेवाव्या लागतात. सभेची सूचना गावातल्या फळ्यावर लागते. या सभांना गर्दी उसळते असे मात्र नाही. पुष्कळदा दहा-पंधरा म्हातारेच जमतात आणि झाडाच्या फांद्या कोणी छाटायच्या यावर तासभर वाद घालतात. मला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. फांदीवर वाद घालण्याची सवय असलेले गाव उद्या पुलाच्या खर्चावरही प्रश्न विचारते.

त्र्यंबकला ही सवय आजच लागायला हवी, कारण सिंहस्थ आहे. जाहीर झालेल्या वेळापत्रकात ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ चे आहे आणि मुख्य स्नाने २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधली आहेत. दहा आखाडे त्र्यंबकला स्नान करतात. त्याच्या तयारीसाठी २०२५ मध्ये कायद्याने वेगळे कुंभमेळा प्राधिकरण नेमले गेले. एवढा मोठा सोहळा क वर्गाच्या नगरपरिषदेच्या खांद्यावर टाकता येणार नाही, हे मान्य. पण बँकेत आम्ही कर्ज देताना एक गोष्ट हटकून विचारत असू. यंत्र घ्याल, ते चालवायला दरमहा पैसे कुठून आणाल? सिंहस्थाचा पैसा बारा वर्षांतून एकदा येतो. त्यातून उभे राहिलेले घाट, रस्ते, शौचालये, सांडपाण्याची यंत्रणा राखायची असते रोज, आणि ती राखणाऱ्या नगरपरिषदेची तिजोरी बारा हजारांच्या गावाची असते. साधू जातात, अधिकारी बदलतात, प्राधिकरणाचे काम संपते. मागे राहतात गावकरी आणि विजेचे बिल.

कोणी म्हणेल, सभा भरवाल तर भांडणे होतील, पक्षांचे आखाडे होतील. होतील. पहिल्या दोन-चार सभा वायाही जातील. दुसरे कोणी म्हणेल, गावकऱ्यांचेच हितसंबंध गुंतलेले आहेत. कोणाची खोल्या भाड्याने देण्याची सोय, कोणाचे दुकान पुढे सरकलेले, ते काय हिशेब विचारणार? खरे आहे. पण हितसंबंध बंद खोलीत जास्त सुखाने नांदतात. शेजाऱ्यादेखत बोलायचे म्हटले की माणूस शब्द जपून वापरतो.

माझी मागणी फार मोठी नाही, आणि त्यासाठी नवा कायदाही लागणार नाही. नव्याने निवडून आलेल्या मंडळाने एक ठराव करावा. वर्षातून दोनदा, यात्रांचा हंगाम सोडून, प्रत्येक प्रभागात संध्याकाळी सभा घ्यावी. अंदाजपत्रक सोप्या मराठीत, एका पानात, चौकातल्या फळ्यावर लावावे. सिंहस्थाच्या प्रत्येक कामापुढे चार रकाने असावेत. खर्च किती, ठेकेदार कोण, मुदत कधी, आणि सिंहस्थ उलटल्यावर सांभाळणार कोण. मुख्याधिकाऱ्यांनी उत्तरे द्यावीत आणि ती पुढच्या सभेत वाचून दाखवावीत.

हे त्र्यंबकला जड जाऊ नये. तिथल्या तीर्थोपाध्यांच्या घरी नामावळीच्या वह्या आहेत. आपला आजा, पणजा कधी आला, कोणाबरोबर आला, कोणत्या गावचा, हे त्या वह्यांत सापडते. भारतभरच्या परक्या माणसांची नोंद ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या इतक्या निगुतीने ठेवली, त्या गावाला आपल्या स्वतःच्या कारभाराची एक वही चारचौघांत उघडणे अवघड का वाटावे? गाव करील ते राव काय करील, असे आपण म्हणत आलो. पण गावाने काही करायचे तर आधी गावाला एका ठिकाणी बसायला जागा पाहिजे, आणि ती देणे सर्वस्वी नगरपरिषदेच्या हातात आहे.