दोन ओळींमधली जागा

सेदेरच्या रात्री हगादा हातोहात फिरते. मुले हिब्रू सफाईने वाचतात, इंग्रजीचा तर प्रश्नच नाही. मराठीची पाळी आली की पुस्तिका आजीकडे सरकते. आजी ती दिव्याखाली धरते, मग डोळ्यांपासून लांब नेते आणि शेवटी म्हणते, "तूच वाच रे बाळा." बाळ दोन शब्द लावतो, तिसऱ्याला अडतो, आणि पान उलटले जाते. आजीला वाचता येते पण दिसत नाही. नातवाला दिसते पण अक्षर लागत नाही.

यात दोघांचाही दोष थोडा आहे. जास्त दोष पान बसवणाऱ्याचा.

अमेरिकेत अशा पुस्तिका बहुधा घरच्या संगणकावर बसवल्या जातात. साडेआठ बाय अकरा इंचाचा लेटर कागद मधोमध दुमडला की साडेपाच इंच रुंदीचे पान मिळते. मध्ये पिना मारायच्या, म्हणून पाने चारच्या पटीत. मजकूर 17 पाने झाला तर 20 छापावी लागतात. मग ते एक पान आत ओढून घेण्यासाठी कुणीतरी मराठीचे अक्षर 12 पॉइंटांवरून 10 वर आणते आणि ओळी जवळ घेते. मराठीचेच, कारण हिब्रू ही प्रार्थना, इंग्रजी सगळ्यांना लागते, आणि मराठी राहिली आठवणीपुरती!

मुळात 12 पॉइंटांची मराठीसुद्धा 12 पॉइंटांच्या इंग्रजीपेक्षा बारीक दिसते. 72 पॉइंटांचा एक इंच. पण हे माप अक्षराच्या साच्याचे असते, नुसत्या अक्षराचे नव्हे. त्या साच्यात शिरोरेघेवर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार व जोडाक्षरांचे पाय मावावे लागतात. मधल्या अक्षराच्या वाट्याला थोडी जागा उरते. म्हणून 11 पॉइंटांच्या इंग्रजीशेजारी मराठी 13 किंवा 14 ची हवी.

आकाराकडे निदान लक्ष तरी जाते. ओळींमधल्या जागेकडे कुणी पाहतच नाही, आणि शिकणाऱ्या मुलाचे खरे अडते तिथे. वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफाराला टेकला की सरावलेल्या वाचकाला फरक पडत नाही. तो सबंध शब्द ओळखतो. दहा वर्षांची मुलगी मात्र एकेक खूण मोजत वाचते. तिला दिन आणि दीन, सुत आणि सूत यांतला फरक खुणेवरूनच कळणार. हिब्रूतले निकूद पुढच्या ओळीत घुसले तर कुणीही पान परत बसवायला लावील. उकाराला तेवढाच मान द्यावा.

जुन्या हगादांना ही अडचण वेगळ्या रीतीने सोडवता आली होती. मुंबईत 1846 साली बेने इस्राएलांसाठी मराठी भाषांतरासह निघालेली हगादा शिळाप्रेसवर छापलेली होती. शिळाप्रेससाठी मजकूर आधी हाताने लिहावा लागे, आणि लिहिणाऱ्याला उकार कुठे आदळतो ते डोळ्यांसमोर दिसे. पुढे शिशाचे खिळे आले, मराठी टाइप बारीक आणि सुबक झाला. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरचे नाव त्याच सुबकपणामुळे झाले. पण ते वाचणारे रोज मराठी वाचत होते. न्यू जर्सीतले मूल आठवड्यातून एकदा वाचते.

पुण्याच्या 1874 च्या हगादेची हुबेहूब प्रत 1968 साली न्यूयॉर्कमध्ये निघाली. तिची चित्रे, साडी नेसून मात्सा करणाऱ्या बायकांचीसुद्धा, पुस्तिकांतून जरूर घ्यावीत. मजकुराची पाने मात्र झेरॉक्सवर लहान करून चिकटवू नयेत. मराठी पुन्हा बसवावी.

मग माप काय धरावे? 14 पॉइंटांचे अक्षर आणि एका ओळीपासून दुसरीपर्यंत 22 पॉइंट. जागा कमी पडली तर अक्षर 13 करावे, पण 22 तसेच ठेवावेत. यावर वडीलधारी मंडळी म्हणतील की आम्हाला मोठे अक्षर हवे, मोकळी जागा काय चाटायची? तक्रार रास्त आहे, आणि तिला उपाय आहे. लुइव्हिलची अमेरिकन प्रिंटिंग हाउस फॉर द ब्लाइंड ही संस्था अधू दृष्टीच्या वाचकांसाठी किमान 18 पॉइंट सांगते. दुमडलेल्या कागदाचे पान 129 टक्के मोठे केले की ते पूर्ण लेटर कागदावर बसते आणि 14 चे 18 होतात. अशा पाच-सात प्रती आजी-आजोबांसाठी काढाव्यात. मात्र झेरॉक्समध्ये अक्षर आणि जागा एकाच प्रमाणात वाढतात. मुळात चिकटलेला उकार मोठा होऊनही चिकटलेलाच राहतो.

पाने वाढतील हे खरे. त्यासाठी कात्री लावायची तर मराठीच्या रोमन लिप्यंतराला लावावी. ते मराठीइतकीच जागा खाते, आणि ते शेजारी असले की मूल देवनागरीकडे बघतही नाही. आभाराची यादीही अर्ध्या पानात मावते.

आणि हे सगळे स्क्रीनवर ठरवू नये, तिथे पान हवे तेवढे मोठे करता येते. एक पान खऱ्या कागदावर छापून ते सेदेरच्याच टेबलावर, संध्याकाळच्या दिव्यात, आधी आजीला द्यावे आणि मग नातवाला.