वाघाला पूल, वस्तीला धूळ

आमच्या दारातला कडुनिंब रस्ता रुंद करताना कापला. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, एकाच्या बदल्यात दहा लावू. लावली असतील कुठंतरी. आमच्या दारात ट्रक आले.

माय म्हणते, "झाड होतं तं आंगनात बसून भाकर खात होतो. आता भाकरीवर कोळसा पडते."

मी उमरेडचा. इथं कोळशाची उघडी खाण आहे. नागपूर-उमरेड रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ३५३ डी आहे, चौपदरी आहे. सोय झाली, खोटं कशाला बोलू? आजारी माणूस नागपूरच्या दवाखान्यात लवकर पोचतो. पण त्याला आजारी पाडण्यात त्याच रस्त्याचा हात आहे, तो हिशेब कोणाच्या वहीत?

दोस्तांनो, रस्त्याचा धूर सगळ्यांना सारखा मिळत नाही. कडेपासून पहिल्या शंभर-दोनशे मीटरात तो सर्वात दाट असतो. तिथं कोण राहतं? बंगलेवाला नाही. १९६६ साली ज्या ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर जन्मली, तिथं ५८० क्रमांकाच्या महामार्गावर अवजड ट्रकना बंदी आहे; त्याच्या कडेला सुखवस्तू लोक. ते ट्रक ८८० वरून जातात, काळ्यांच्या आणि गरिबांच्या वस्त्यांतून. जात असो की वंश, धुराला पत्ता बरोबर सापडतो.

पैसा नाही म्हणता? २०१५ च्या हरित महामार्ग धोरणात प्रकल्पखर्चाचा १ टक्का झाडांसाठी ठेवायचं ठरलं आहे. मग झाडं कुठं दिसतात? दुभाजकात. कण्हेर, बोगनवेल. समोरच्या दिव्यांचा झोत अडतो, ड्रायव्हरला बरं. जाणाऱ्याला फुलं, राहणाऱ्याला धूळ!

कडेला लावलीच तर उंच खोडाची एक रांग. खोडाखालून धूळ सरळ आमच्या चुलीत. धूळ अडवायची तर पट्टा बुडापासून शेंड्यापर्यंत दाट हवा: रस्त्याकडे झुडपं, मागं करंज, त्यामागं कडुनिंब. उंची पाचेक मीटर, जाडी दहाएक मीटर. मध्ये खिंड नको. हॉर्न नुसत्या पानांनी अडत नाही, त्याला मातीचा बांध लागतो. रस्त्याचं तेलकट पाणी जिरवायला गवताचा चर लागतो. जागा नसेल तर भिंत घाला, तिच्यावर वेल चढवा. आणि बाजारातल्या अरुंद रस्त्यावर दाट छत नको, धूर खालीच कोंडतो. हे काही गूढ शास्त्र नाही. इच्छा पाहिजे.

इच्छा असली की काय होतं तेही याच नागपूर जिल्ह्यात बघा. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या महामार्गावर जनावरांसाठी नऊ ठिकाणी खालून वाटा काढल्या. सर्वात लांब ७५० मीटर. वाघ त्यातून जातो, कॅमेऱ्यात दिसतो. चांगलं झालं! वाघाशी माझं भांडण नाही. माझा सवाल एवढाच: वाघासाठी रस्ता उचलून धरता येतो, तर माणसासाठी दहा मीटर झाडी का लावता येत नाही?

आता खरी भीती सांगतो. उद्या साहेब म्हणेल, घ्या हरित पट्टा, आणि तुमच्या झोपड्या हलवा. झाडाच्या नावानं बुलडोझर. तेव्हा मागणी नीट मांडा. पट्टा वस्तीच्या बदल्यात नको, वस्तीसाठी हवा. जागा रस्त्याच्या हद्दीतून, शासनाच्या जमिनीतून काढा. तीन उन्हाळे पाणी घालायचं काम वस्तीतल्याच पोरापोरींना द्या, पुऱ्या मजुरीनं. आणि किती झाडं लावली ते सांगू नका, किती जगली ते सांगा.

सम्राट अशोकानं रस्त्याकडेला वड लावले, विहिरी खणल्या, आणि कशासाठी ते खांबावर कोरून ठेवलं: जनावरांना आणि माणसांना सावली मिळावी म्हणून. दोघांना. त्याचं चक्र झेंड्यावर आहे, त्याचे सिंह सरकारी कागदावर आहेत. तोच कागद आमच्या दारातलं झाड तोडायची परवानगी देतो.

महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी पाण्याला हात लावला. हवेलाही मालक नसतो, हे आपण कधी सांगणार?

भाषणं पुष्कळ झाली. या रविवारी टेप घेऊन निघा. आपापल्या वस्तीपासून रस्त्याची कड किती मीटर, मध्ये जिवंत झाडं किती, ते मोजा. आकडा हातात घेऊन साहेबाच्या टेबलावर जा. मी आमचा मोजला. घराच्या उंबऱ्यापासून नऊ पावलं. झाड एकही नाही.