पेटी कोणाच्या गळ्याची?

बैल घ्यायचा तर आमच्याकडे चार माणसं बाजारात जातात. दात पाहतात, खूर पाहतात, चालवून पाहतात. कपाशीचं बी घ्यायचं तर निम्मं गाव दुकानाच्या ओट्यावर वाद घालतं. पण भजनी मंडळाची पेटी घ्यायची तर प्रश्न दोनच: केवढ्याला, आणि आज मिळेल का? मला या दोन्ही प्रश्नांशी भांडायचं आहे. बैल चुकला तर एका घराचं नुकसान होतं. पेटी चुकली तर पंधरा-वीस वर्षं अर्धं गाव ओढूनताणून गातं आणि उरलेलं अर्धं गप्प बसतं.

हे गप्प बसणारं अर्धं गाव म्हणजे बाया.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात. जुन्या पेटीचा भाता उंदरांनी कुरतडला, सूर गंजले. धुळ्याच्या एका मिस्त्रीनं सांगून टाकलं, "आता हिच्यावर पैसा घालू नका." मग मारुतीच्या पारावर बैठक बसली. एक जण म्हणाला, जळगावला दुकानात तयार पेटी आहे, सकाळी पैसे टाका, संध्याकाळी हरिपाठाला पेटी हजर. दुसरा म्हणाला, निवडणूक येऊ द्या, एखादा पुढारी फुकटच देईल. मी म्हणालो, पेटी सांगून बनवून घेऊ, पाच महिने थांबू. सगळे माझ्याकडे असे पाहायला लागले, जसं काही मी पाच महिने देऊळ बंद ठेवा म्हणालो.

का थांबायचं, ते सांगतो.

ज्यांनी पेटी वाजवलेली नाही त्यांच्यासाठी थोडं मुळापासून. पेटीत पितळेच्या सुरपट्ट्या असतात. भात्याची हवा लागली की पट्टीची जीभ थरथरते आणि सूर निघतो. हे सूर बनवण्यात गुजरातमधलं पालीताणा नावाजलेलं आहे. जिभेच्या टोकाकडून कानस मारली तर सूर चढतो, बुडाकडून मारली तर उतरतो. नवा सूर पहिल्या दिवशी मिळवला तरी तो काही काळ सरकतो, बसतो, मग पुन्हा मिळवावा लागतो. लाकूड मुरलेलं नसेल तर पावसाळ्यात फुगतं आणि पट्ट्या अडकतात. कारागीर पाच महिने मागतो तो काही उगीच नाही. आपण कपाशी लावून दुसऱ्या दिवशी बोंडं मोजायला जात नाही. मग पेटीवाल्याकडूनच एका दिवसाची घाई का?

पण वेळेपेक्षा मोठी गोष्ट पट्टीची. गाणारा ज्या स्वराला सा धरतो ती त्याची पट्टी. आमच्या पुरुष मंडळींची पट्टी काळी दोन. पेटीवाला तिथंच शिकला, त्याची बोटं तिथंच बसली. काकड्याला, हरिपाठाला, एकादशीच्या जागराला तीच पट्टी. बाया मागे बसून त्यात आवाज मिळवायला पाहतात. त्यांचा गळा त्या पट्टीत बसत नाही. आमच्या गल्लीतली एक जिजी मला म्हणाली, "जिभाऊ, वर गयं का नरडं फाटस, खाले उनं का आवाज निंघत नही. हाई पेटी तुमनी शे, आमनी नही."

जिजी पेटी शिकलेली नाही, पण रोग तिनं बरोबर ओळखला. काळी दोनमध्ये अभंगाचा अंतरा वरच्या पंचमाकडे गेला की बहुतेक बायांना ओरडावं लागतं, आणि एक सप्तक खाली उतरावं तर सा पुटपुटल्यासारखा होतो. त्याच जिजीला काळी चार द्या आणि मग ऐका. श्रावणात कानबाईच्या रात्री याच बाया पहाटेपर्यंत गातात, एकीचाही गळा बसत नाही. तिथं पेटी नसते, म्हणून पट्टी त्यांची त्या धरतात. देवळात आल्या की त्यांचा आवाज जातो. मग पुरुष म्हणतात, बायांना सुराचं ज्ञान नाही. याला मी सरळ अन्याय म्हणतो.

यावर दुकानदाराचं उत्तर ठरलेलं: स्केल चेंजर घ्या. म्हणजे पट्ट्यांची अख्खी पाटी डावी-उजवीकडे सरकवायची. बोटं तीच, पट्टी दुसरी. शहरातल्या वादकाला ती सोयीची आहे, रोज नव्या गायकाला साथ द्यायची तर तिचा उपयोगच होतो. पण आमची पेटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जाते, दिंडीत गळ्यात अडकवावी लागते, देवळाच्या कोपऱ्यात धूळ खाते. स्केल चेंजर वजनाला जड आणि किमतीला जास्त. सरकणारे भाग वाढले की बिघाडाच्या जागाही वाढतात, आणि दुरुस्तीला धुळं किंवा जळगाव गाठावं लागतं. बायांच्या नावानं महागडी पेटी घ्यायची आणि दुसऱ्या वर्षी ती पाटी एकाच जागी अडकून बसायची! ती जागा कोणती असेल, ते सांगायला ज्योतिषी नको.

आता मौज पाहा. काळी दोनचा सा हाच काळी चारचा पंचम. म्हणजे पुरुषांच्या सा ला लावलेला पखवाज बायांच्या पट्टीत पंचमावर बरोबर बोलतो. नवा पखवाज नको, नवी पेटीही नको. लागतो तो फक्त दोन पट्ट्यांत बोटं फिरवणारा पेटीवाला. हे शिकायला आमच्या पोरांना दोन-तीन महिने लागतील. इतके दिवस आपण पेटीची वाटच पाहणार आहोत ना?

कारागिराला काय सांगायचं, तेही ठरवावं लागतं. सुरांच्या ओळींना नावं आहेत: खर्ज, नर, मादी. नावावरून आमच्या बैठकीत एकानं शहाणपण काढलं की बायांसाठी मादीची ओळ टाकू. मादी म्हणजे नराच्या वरचं सप्तक, एवढंच. तिनं आवाज धारदार होतो, बायांची पट्टी येत नाही. आम्ही खर्ज-नर सांगितली, दोन्ही मंडळांना भरीव साथ मिळते. पट्ट्या किती? सदतीस म्हणजे तीन सप्तकं आणि वरचा एक सा. बेचाळीस म्हणजे साडेतीन सप्तकं. भजनाला सदतीस पुरे, वजनही कमी. आणि सगळ्यात नाजूक गोष्ट गांधाराची. काही कारागीर एका ठरावीक सा ला धरून गांधार गोड मिळवून देतात. त्या पट्टीत पेटी मधासारखी लागते, पण पट्टी बदलली की एखादा स्वर खटकतो. म्हणून सूर मिळवण्याआधीच कारागिराला सांगावं लागतं, बाबा, इथं दोन सा आहेत, दोन्हींकडून वाजवून पाहा. तयार पेटीला हे कोण सांगणार?

विलायतेत आपल्या पेटीची एक चुलत बहीण आहे, काॅन्सर्टिना. बहुधा सहा कोनांची, दोन हातांत धरून दाबायची-ओढायची, पट्ट्यांच्या जागी गुंड्या. चार्ल्स व्हीटस्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात ती घडवली. पुढं तिच्यात गुंड्यांच्या वेगवेगळ्या रचना आल्या. एका रचनेत दाबा की ओढा, गुंडीचा स्वर तोच राहतो. दुसरीत दाबताना एक स्वर, ओढताना दुसरा. तिसरीत डाव्या हाताला खालचे स्वर, उजव्याला वरचे. बनवून घेणारा माणूस आधी विचार करतो की मी काय वाजवणार, कुणाबरोबर वाजवणार, आणि मग रचना निवडतो. चांगल्या कारागिराकडे नंबर लावतो आणि थांबतो, काही तर वर्षानुवर्षं थांबतात. एका माणसाच्या दोन हातांसाठी तिकडं एवढा विचार होतो. आपण अख्ख्या गावाच्या गळ्यासाठी एक संध्याकाळ देत नाही.

पेटीवर शहाण्या माणसांनी पूर्वी केलेला अन्यायही आठवावा. हिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत, ही परकी आहे, असं म्हणून १९४० साली आकाशवाणीनं पेटीला बंदी घातली. ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. एकतीस वर्षं रेडिओनं बाहेर ठेवलेली पेटी खेड्यांनी, कीर्तनांनी, तमाशाच्या फडांनी सांभाळली. पॅरिसची पेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी हातभात्याची केली, जमिनीवर बसून वाजवण्याजोगी केली. ती आपल्या बैठकीला बसली म्हणून आपली झाली. मग तीच पेटी बायांच्या गळ्याला बसवायला एवढं जड का जावं? रेडिओनं जे पेटीला केलं तेच आपण आपल्या घरच्या बायांना करतो, आणि वर रेडिओला नावं ठेवतो.

खान्देशात भाषण करायला उभा राहिलेला प्रत्येक जण बहिणाबाईंचं नाव घेतो. असोद्याची ही लेक शाळेत गेली नाही. घरात-शेतात राबता राबता ती गात राहिली. मुलानं, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या मंडळींनी लिहून ठेवलं म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं आणि महाराष्ट्राला कळलं. तिला कुणी पट्टी दिली नव्हती, जात्याची घरघर हाच तिचा सा. बहिणाबाईंचा फोटो देवळाशेजारच्या वाचनालयात लावायचा आणि तिच्या नातींना देवळात टाळ्या वाजवायला बसवायचं, हे मला पटत नाही.

आमची पेटी अजून यायची आहे. लोक मला रोज विचारतात, "काय भो, कुठवर आली पेटी?" त्यात चेष्टा असते. मी चिडत नाही. तोवर उसनी आणलेली पेटी घेऊन दर गुरुवारी बाया देवळात बसतात आणि पेटीवाला पोरगा काळी चार घासतो. बैठकीत टाळ्यांचा सल्ला देणारे दोघे-तिघे बाहेरच्या ओट्यावर ऐकत बसतात.

ज्या गावाला नवी पेटी घ्यायची आहे त्यांना माझं सांगणं एवढंच. पैसे गोळा करण्याआधी एक संध्याकाळ बाया आणि पुरुष वेगवेगळे बसवा. एकच अभंग दोघांकडून म्हणून घ्या. कुणाचा गळा कुठं मोकळा होतो ते पाहा, कागदावर दोन्ही पट्ट्या लिहा, खाली दोन्हीकडच्या सह्या-अंगठे घ्या. तो कागद कारागिराकडे पाठवा आणि मग खुशाल थांबा. पुढारी फुकट पेटी घेऊन आला तर त्याच्याही हातात तोच कागद द्या.