मुलांनीं घरीं ठसे कां घ्यावे ?

"मला चित्र काढतां येत नाहीं," असें म्हणणारीं मुलें प्रत्येक वर्गांत आढळतात. समोरच्या चित्राची नक्कल एक-दोनदां साधली नाहीं, म्हणजे तीं खडू खालीं ठेवितात, तीं बहुधा कायमचींच. अशा मुलांच्या पालकांस आमची एक विनंति आहे. आठवड्यांतील एक तास त्यांनीं मुलांबरोबर बसून ठसे घेण्यांत घालवावा.

कृति सोपी आहे. झाडाचें एक पान पालथें ठेवावें. कारण त्याच्या शिरा मागल्या बाजूस अधिक उठावदार असतात. वर पातळ कागद घालावा आणि मेणाच्या खडूवरील वेष्टन काढून, तो आडवा धरून, हलक्या हातानें घासावा. कागद जेथें खालच्या उंचवट्यांवर टेकतो तेथेंच रंग लागतो. खळगे कोरे राहतात. फार दाब दिला, तर सर्वत्र रंग भरून ठसा बुजून जातो. कागद हलूं नये म्हणून एकानें तो धरावा व दुसऱ्यानें घासावें. यास्तव हें काम दोघांचें आहे.

यांत विद्या ती कोणती, असें कोणी विचारील. बांबूच्या पानाच्या शिरा समांतर असतात व जास्वंदीच्या पानांत त्यांचें जाळें असतें, हें पुस्तकांत छापलेलेंच आहे. परंतु दोन्ही पानांचे ठसे शेजारीं ठेवून ज्या मुलानें तो भेद स्वतः हेरला, त्यास तो पाठ करावा लागत नाहीं. सुपाची वीण, पाट्यावरील टाकीचे घाव, नाण्यावरील अक्षरें, हीं रोज डोळ्यांसमोर असूनहि न पाहिलेलीं असतात. ठसा तीं पाहावयास लावितो.

"हें तर यंत्रासारखें काम, यांत कला कोठें आहे?" असा दुसरा आक्षेप येतो. माक्स अर्न्स्ट या जर्मन चित्रकारानें १९२५ सालीं लाकडी जमिनीवर कागद ठेवून असेच ठसे घेतले व त्यांतून नवीं चित्रें निर्माण केलीं. काय निवडावें, कोठें ठेवावें, कोणत्या रंगावर कोणता रंग द्यावा, हें यंत्र ठरवीत नाहीं, मूल ठरवितें. ठसा हा चित्रकलेचा शेवट नव्हे, हें आम्हांसहि मान्य आहे. तो तिचा उंबरठा आहे, आणि तो ओलांडतांना कोणासहि भीति वाटत नाहीं.

मात्र बाजारांत मिळणारे तयार साचे आणूं नयेत. त्यांतून प्रत्येक घरीं तेंच फुलपांखरूं उमटतें व मुलाचा शोध संपतो. तसेंच जुने शिलालेख व थडगीं यांवर मुलांनीं खडू चालवूं नये. चीन देशांत शिलालेखांचे ठसे घेण्याची रीति फार प्राचीन असून सातव्या शतकांतील ठसा आजहि उपलब्ध आहे. आपल्याकडील संशोधकहि ओला कागद अक्षरांवर ठोकून व शाई लावून ठसे घेतात. पण तें जाणत्यांचें काम आहे. झिजलेला दगड एकदां दुखावला, म्हणजे पुन्हां बरा होत नाहीं.

शेवटीं एक गोष्ट, जी आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. कीड लागलेल्या पानाचा ठसा घेतला, तर त्यांतील छिद्रहि कागदावर उमटतें. अशा वेळीं "हें टाकून दे, चांगलें पान आण," असें आपण सहज म्हणतों. तसें म्हणूं नये. वस्तु जशी आहे तशी पाहणें आणि जशी पाहिली तशी सांगणें, हा सत्याचा पहिला धडा होय. तो उपदेशानें क्वचितच शिकवितां येतो; पण एक वाळकें पान, एक कागद आणि खडूचा एक तुकडा यांनीं तो घरच्या घरीं गिरवितां येईल. पालकांनीं करून पाहावें.