विरामचिन्हे : नियम की नाद?

मोडी लेखनात विरामचिन्हे नव्हती. शब्दही बहुधा सलगच लिहिले जात. मराठी गद्यात आज रूढ असलेली चिन्हे इंग्रजीच्या वळणाने आली, आणि मेजर टॉमस कँडी यांच्या ‘विरामचिन्हांची परिभाषा’ (१८५०) या पुस्तकाने त्यांना शिस्त लावली. तत्पूर्वीचा वाचक वाक्य तोडीत नसे असे नव्हे; तो ते कानाने तोडी. शालेय अध्यापनाला नेमका याचाच विसर पडतो. व्याख्या पाठ करविल्या जातात आणि चिन्ह हा केवळ गुणांचा विषय होऊन बसतो.

वस्तुतः शब्दपट्ट्या हाती देऊन मुलांना ओळीने उभे करावे : ‘दादा आला नाही तर आई जाणार होती.’ स्वल्पविराम झालेले मूल ‘आला’नंतर उभे राहिले, की दादा घरी पोहोचतो, ते ‘नाही’नंतर सरकले, की त्याची वाट पाहणे तेवढे उरते. प्रत्येक वेळी वाक्य मोठ्याने म्हणवून घ्यावे. यात वेळ जातो, हा आक्षेप खराच. परंतु मुलाने स्वतः ऐकलेला विराम त्याला पुन्हा शिकवावा लागत नाही. चिन्हे उसनी असली, तरी विराम मराठीचेच आहेत.